श्रीमंतदादा मोटारीत बसले तो दिवस

सूर्यभान मडकेकडे मोटार होती ती दोन वर्षं आणि चार महिने. एकोणीसशे बहात्तरच्या गुढीपाडव्याला ती रांजणठाणात आली आणि चौऱ्याहत्तरच्या श्रावणात गेली. तेवढ्या काळात तिच्यातून किती नवरदेव लग्नाला गेले, किती बाळंतिणी शेवगावच्या दवाखान्यात वेळेवर पोचल्या, चिखलात ती कितीदा रुतली आणि कुणाच्या बैलांनी तिला बाहेर ओढलं, हे सगळं पुढे कुणी विचारलं की सूर्यभान बोटांवर मोजून सांगायचा. पण श्रीमंतदादा तिच्यात किती वेळा बसले असं विचारलं, की तो आधी तंबाखू मळायला घ्यायचा.

दादा एकदाच बसले होते.

रांजणठाण गोदावरीच्या काठचं गाव. खाली मोठं धरण बांधायला घेतलेलं होतं आणि गाव पाण्यात जाणार हे सरकारी कागदावर पक्कं झालं होतं. जमिनींचा मोबदला लोकांच्या हाती आला, पाणी यायला मात्र अजून दोन-तीन वर्षं होती. असा मधला काळ गावानं कधी पाहिला नव्हता. रान होतं, पण ते आपलं नव्हतं. पैसा होता, पण त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं. कुणी रेडिओ घेतला, कुणी फटफटी घेतली, कुणी बायकोला पुतळ्यांची माळ केली. सूर्यभाननं नगरच्या एका डॉक्टरची वापरलेली फियाट घेतली. फिकट पिवळ्या रंगाची, गियरचा दांडा स्टेअरिंगपाशी असलेली.

मोटारीमागे हौस होती, हे तो नाकारत नसे. भाड्याचा धंदा होईल हा हिशेबही होता. पण पहिलं कारण दादा होते. दादा त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठे. बाप गेला तेव्हा सूर्यभान जेमतेम चालत होता. दादांनी त्याला खांद्यावर घेऊन औत हाकलं, असं गाव सांगे. दादांची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. आता साठीत त्यांचा डावा गुडघा धरत होता, तरी शेवगावच्या कचेरीत मोबदल्याच्या कामासाठी ते नऊ मैल चालत जायचे. एस.टी. असली तर असली. गावात शिरणाऱ्या मोटारीत दादा बसलेत, खिडकीतून हात बाहेर टाकलाय, आणि वेशीत बसलेली माणसं उठून उभी राहताहेत, असं चित्र सूर्यभानच्या डोक्यात बसलं होतं. ते चित्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मोटारीला पैसे कमी पडले म्हणून त्यानं बैल विकले.

मडक्यांचे बैल म्हणजे गावाच्या मानाची जोडी. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं जाई, गावातले सगळे बैल नटून ओळीनं उभे राहत, आणि तोरणाखालून पहिली जोडी जायची ती मडक्यांची. पणज्यापासूनचा हा मान. लाख्या आणि पाखऱ्या ही जोडी दादांनी गोऱ्हे असल्यापासून वाढवलेली, हातानं वळण लावलेली.

सूर्यभाननं ती चोरून विकली असं म्हणता येणार नाही. दादा तेव्हा नदीपलीकडे सोयऱ्याबरोबर जमीन बघायला गेले होते. आठ दिवस लागणार होते. इकडे डॉक्टरला पुण्याला जायची घाई होती आणि मोटारीला दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं. पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेला होता, कडबा मिळत नव्हता. रानच राहणार नाही तर औत कशाला आणि औत नाही तर बैल कशाला, हे सूर्यभानला इतकं सरळ वाटलं की दादांना विचारायचं राहिलं आहे, हेसुद्धा त्याला घोडेगावच्या बाजारातून परतताना आठवलं.

दादा परत आले ते दिवस कलताना. घरात न जाता ते सवयीनं आधी गोठ्याकडे वळले. गावात मोटार उभी करायला दुसरं छप्पर नव्हतं. गव्हाण काढून, जमीन सारवून, सूर्यभाननं ती गोठ्यात लावली होती. पुढच्या काचेला हळदकुंकू होतं, टपावर झेंडूची माळ.

दादांनी मोटारीकडे पाहिलं, मग दावणीच्या रिकाम्या खुंट्यांकडे.

"बैलं कुठायत?"

"दादा, ती... दिली. जमीनच ऱ्हायली न्हाई, तर म्हनलं—"

"कुनाला?"

"घोडेगावच्या बाजारात. भोकरवाडीचा गडी हाय कुनी. चांगला वाटला."

"पावती?"

सूर्यभाननं खिशातून बाजाराची पावती काढून दिली. दादांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, चौपदरी घडी केली, चंचीत तंबाखूशेजारी ठेवली आणि पाय धुवायला गेले. ते रागावले नाहीत. जेवताना पलीकडच्या जमिनीबद्दल बोलले. काळी आहे पण पाणी धरून चिबड होते म्हणाले. सूर्यभानची बायको लंकाबाई चुलीपाशी बसली होती. ते उठून गेल्यावर ती म्हणाली, "भावजी वरडले असते तर बरं झालं असतं."

त्यानंतर सगळं गाव मोटारीत बसलं. पहिल्या दिवशी लंकाबाई पुढच्या सीटवर बसली ती डोक्यावरचा पदर दातात धरून; गावाची शीव ओलांडेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत. "आवो, हळू! झाडं पळाया लागलीत," एवढंच ती म्हणत होती. शेजारची गोजरबाई जावयाला आणायला मोटारीतून गेली आणि महिनाभर पाणवठ्यावर दुसरं बोलली नाही. सूर्यभान गावात सूर्यभानशेठ झाला.

दादा चालत राहिले.

शेवगावच्या रस्त्यावर ते दिसले की सूर्यभान मोटार हळू करी आणि काच खाली घेई.

"दादा, बसा की."

"चालतोय मी. जा तू."

"आवो, गुडघा दुखतोय तुमचा."

"गुडघा माजा हाय. दुखू दे."

सूर्यभान पुढे जात नसे. पहिल्या गियरमध्ये, दादांच्या चालीनं, मोटार त्यांच्या बाजूनं सरकत राही. एकदा आत गोजरबाई, तिची लेक आणि दोन कोंबड्या असताना असे तीन मैल गेले. इंजिन तापलं, कोंबड्या ओरडायला लागल्या. शेवटी गोजरबाईनं खिडकीतून तोंड काढलं.

"श्रीमंतभाऊ, आत तरी या, न्हाईतर मला तरी खाली उतरू द्या. हिच्यापरीस मढीच्या बाजारातलं गाढव बरं, कुठंतरी पोचवतं तरी."

दादा हसले. सूर्यभानला वाटलं, आता बसतील. दादांनी रस्ता सोडला आणि पायवाटेनं शेतातून चालू लागले. मोटारीला तिथं जाता येत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बरीचशी जनावरं छावणीवर गेली, घरची माणसं खडीच्या कामावर. पोळ्याच्या दिवशी वेशीत सात जोड्या उभ्या राहिल्या. एरवी साठ असत. मडक्यांची जोडी नाही, म्हणून तोरण कुणी ओलांडेना. पाटलांचे आबासाहेब स्वतः घरी आले, ओट्याखाली उभे राहून म्हणाले, "श्रीमंता, काय करायचं? लोक खोळंबलेत."

"न्या की तुमची जोडी फुडं."

"मान तुमचा हाय."

"दावनीला बैल न्हाई त्याला मान कसला, आबासाहेब?"

सूर्यभान आत भिंतीला टेकून ऐकत होता. आबासाहेबांची जोडी पहिली गेली. हलगी वाजली ती घरापर्यंत ऐकू आली. दादांनी ओट्यावर बसून मातीचे दोन बैल केले, पाटावर मांडले, लंकाबाईनं पुरणपोळीऐवजी गुळाची भाकरी दाखवली. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या पिठाची होती. दादांनी हात जोडले आणि ते त्या दिवशी लवकर झोपले.

सूर्यभाननं त्या रात्रीपासून एक गोष्ट मनाशी धरली. बैल परत आणता येणार नव्हते. मान गेला तो गेला. पण दादा एकदा मोटारीत बसले, तर आपलं जे चुकलं ते त्यांनी पोटात घातलं असं होईल. त्याला दुसरं काही नको होतं. भाडी येत होती, लोक शेठ म्हणत होते, आणि तो रोज सकाळी मोटार पुसताना पुढच्या डाव्या बाजूची सीट जास्त वेळ पुसत होता.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. गाव तोवर अर्धं उठून वरच्या माळावर, नव्या गावठाणात गेलं होतं. मडकेही गेले. नव्या घराला गोठा नव्हता, मोटारीसाठी पत्र्याचं छप्पर होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाली, सूर्यभान मोटारीखाली आडवा होऊन काहीतरी आवळत होता. त्याला दादांचे पाय दिसले. धुतलेलं धोतर. नवी वहाण.

"चालू हाय का ती?"

सूर्यभान डोकं आपटून बाहेर आला. दादांच्या हातात पितळी वाटी होती, वर रुमाल बांधलेला. वाटीत लोणी आणि हळद.

"हाय की. चालू हाय, दादा."

"काढ मंग. भोकरवाडीला जायाचंय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं तो खांदा लोणी-हळदीनं चोळायचा आणि मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे घरच्या कर्त्यानं करायचं असतं. सतरा महिने चंचीत राहिलेली पावती दादांनी आबासाहेबांकडून वाचून घेतली होती.

सूर्यभाननं पुढचं दार उघडलं. दादा आधी पाठ करून बसले, मग एक पाय आत घेतला, मग दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. वाटी मांडीवर धरली. लंकाबाई दारात आली होती. सूर्यभाननं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, जा म्हणाली.

तो सबंध रस्ता सूर्यभान बोलत होता. हा काटा वेगाचा, हा पेट्रोलचा. ही काच अशी खाली जाते. नव्या गावठाणात नळ येणार म्हणतात. पाथर्डीच्या भाड्याला गेलो होतो तेव्हा घाटात काय झालं. दादा हूं म्हणत होते. ओढ्याओढ्यांवर माणसं बैल धूत होती. मोटार जवळ आली की माणसं बैलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहत. प्रत्येक ओढ्याला दादा मान वळवून मागे पडेपर्यंत बघत. एकदा सूर्यभाननं भोंगा वाजवला तेव्हा ते म्हणाले, "नगं. बुजतील."

"बरं, दादा."

"दिस मावळायच्या आत पोचू का?"

"पोचू की! तासाभरात पोचू. चालत गेलं तर दोन दिस."

दादांनी खिडकीतून हात बाहेर टाकला. सूर्यभाननं ते पाहिलं आणि पुढचे दोन-तीन मैल एकेक खड्डा चुकवत मोटार नेली.

पावतीवर नाव होतं त्या मच्छिंद्रचं घर भोकरवाडीत सापडायला वेळ लागला नाही. तिशीचा, सावळा, अंगात बंडी घातलेला माणूस. मोटार आपल्या अंगणाबाहेर का थांबली हे त्याला कळेना. कुणी साहेब असावा म्हणून त्यानं टोपी नीट केली. दादा उतरले, पाठोपाठ सूर्यभान.

"लाख्या-पाखऱ्याला बघाया आलो. रांजनठानचा मी."

"आरं, तुमी व्हय! या, या. मालन, पानी आन." मच्छिंद्र मोकळा झाला. "बाबा, नावंबी ठाव न्हवती आमाला. बाजारात ह्यांनी सांगितलीच न्हाईत. आमी आपलं सोन्या म्हनतो."

गोठ्यात दोन बैल होते. एक लाख्या. दुसरा अनोळखी, तांबडा, बुटका.

दादांनी विचारलं नाही. ते तांबड्या बैलाकडे पाहत उभे राहिले. मच्छिंद्रनंच खाली बघत सांगितलं.

"दुसरा गेला, बाबा. वैशाखात. छावनीत हुता. चारा कमी न्हवता, खोटं बोलनार न्हाई. पन त्याआधीच त्याचा खांदा आला हुता. सुजून असा झाला हुता. जू ठिवू देईना. मंग बसला त्यो उठलाच न्हाई."

"कोन्त्या अंगाला जुपायचे?"

"उजव्या."

दादांनी मान हलवली. "त्यो डाव्या अंगाचा. धा वर्सं डाव्या अंगाला वढलं त्यानं. उजवीकडं जुपला की मान वाकडी करून वढायचा, आनि खांदा सोलून घ्यायचा. शिकवताना बी तसंच झालं हुतं."

"आमाला कसं कळावं, बाबा?"

"तुमाला न्हाईच कळनार. इकनाऱ्यानं सांगायचं आसतं." दादा सूर्यभानकडे वळले. आवाज चढला नव्हता. "तू सांगितलं न्हाईस व्हय?"

बैल विकताना दावं हातात देण्याआधी हे सांगायचंच असतं. कोणता कोणत्या अंगाचा, कोण पाण्याला बुजतो, कोण परक्याला मारतो. दाव्याबरोबर बैलाची खोड द्यायची, ही रीत लहान पोरालाही माहीत. सूर्यभानला तो बाजार आठवला. डॉक्टरनं दुपारी तीनपर्यंत यायला सांगितलं होतं. नगरची एस.टी. फाट्यावर उभी होती. त्यानं पैसे बंडीत घातले होते, दावं मच्छिंद्रच्या हातात कोंबलं होतं आणि पळत सुटला होता.

"ध्यानातच आलं न्हाई, दादा."

"हां," दादा म्हणाले.

मालनबाईनं पाण्याचा तांब्या आणला. दादांनी हात धुतले, वाटीवरचा रुमाल सोडला. मच्छिंद्रला विचारलं, "चोळू का? तुमचा बैल हाय. तुमी म्हनला तरच."

"चोळा की. आवतनबी तुमीच द्या. जुनं मालक तुमी."

दादांनी लाख्याचा खांदा चोळायला घेतला. घाई नव्हती. घट्टा पडला होता तिथं अंगठ्यानं गोल गोल, मग मानेकडे, मग वशिंडापर्यंत. लाख्यानं त्यांना ओळखलं की नाही हे सांगता येणार नाही. तो शेपटीनं माशा हाकत होता. लोणी संपलं. दादांनी हात आपल्याच धोतराला पुसले आणि लाख्याच्या कानाशी तोंड नेलं.

मच्छिंद्रनं टोपी काढली. मालनबाईनं पदर घेतला. सगळे थांबले.

दादा तसेच उभे राहिले. ओठ हलले नाहीत. बैलाला जेवायला या म्हणणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पुरण शिजावं लागतं, आणि बैल त्याच्या दारात यावा लागतो. दादांना दार होतं. पण लाख्या उद्या ह्याच दावणीला जेवणार होता. दादांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, काढला आणि मागे सरले.

"तुमी द्या," ते मच्छिंद्रला म्हणाले.

मच्छिंद्रला ते कळलं असावं. तो पुढे झाला, लाख्याला आवतण दिलं, तांबड्याला दिलं. मग वळून दादांसमोर उभा राहिला.

"बाबा, तुमीबी ऱ्हावा. उद्याच्याला आमच्यातच जेवाया. लाख्याला तुमच्या हातानं घास द्या, येशीत तुमीच धरा त्याला."

"ऱ्हावा की, मामा," मालनबाई म्हणाली. "घरात थोरलं मानूस न्हाई आमच्या."

सूर्यभानला वाटलं, दादा नाही म्हणतील. दादा कुणाकडे पाणीसुद्धा दोनदा मागून प्यायचे नाहीत.

"ऱ्हातो," दादा म्हणाले.

"दादा, मग मीबी—"

"तुला उद्या पैठनचं भाडं हाय. लोकं खोळंबतील. लंका एकली हाय." ते रोजच्यासारखं, समजावून बोलत होते. "जा तू."

"परवा न्यायला येतो मंग. सकाळच्यालाच येतो."

"नगं. येस्टी हाय."

"दादा, एवढ्या लांबून... गुडघा तुमचा..."

"येस्टीनं येईन, सूर्यभान."

त्यांनी लाख्याचं दावं सोडून हातात धरलं आणि त्याला पाण्याकडे वळवलं. सूर्यभान मोटारीपाशी गेला, दार उघडलं. किल्ली लावणार तोच मागून दादांची हाक आली.

"हितं सुरू करू नगं. बैलं बुजतील. ढकलत ने फाट्यापत्तर."

फाटा दोन शेतं पलीकडे होता. मच्छिंद्र मदतीला आला. सूर्यभाननं उघड्या दारातून एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि दाराच्या चौकटीला खांदा लावला. मच्छिंद्र मागून रेटू लागला. वाट ओली होती, चाकं चिखलात बसत होती. दोघांनाही धाप लागली. मागे हौदावर लाख्या पाणी पीत होता, दादा त्याच्या मानेवर हात ठेवून शीळ घालत होते. बैलानं पोटभर प्यावं म्हणून घालतात ती.

"लई जड हाय हो," मच्छिंद्र म्हणाला.

"हाय," सूर्यभान म्हणाला, आणि पुन्हा खांदा लावला.